रुंद टायर टाकल्यावर चाक कमानीला घासतंय? तीनदा पत्रा ठोकून घेतल्यावर मला जे कळलं ते

तर मंडळी, विषय जुनाच आहे. रुंद टायर टाकले की कुठेतरी घासतं, मग गॅरेजवाला मडगार्डच्या कमानीची कड आत ठोकून देतो, पंधरा दिवस गाडी गप्प बसते आणि परत एखाद्या खड्ड्यात मागून खर्रर्र. माझं हे दीड वर्ष चाललं होतं. गाडी २०१८ ची स्विफ्ट, कंपनीचे टायर १८५/६५ आर १५ (म्हणजे रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची), मी हौसेने टाकले २०५/५५ आर १६, सोबत ७जे चे अ‍ॅलॉय, ईटी ३५ (जे म्हणजे रिमची रुंदी इंचात, ईटी काय ते पुढे सांगतो). दुकानदाराने जॅकवर उचललेल्या गाडीचं चाक हाताने फिरवून दाखवलं, "बघा शेठ, कुठे लागतंय?" आता हवेत लटकलेलं चाक कशाला लागणार, स्प्रिंग पूर्ण मोकळी, चाक कमानीपासून वीतभर खाली. पण नवीन चाकं बघून माझी अक्कल तेव्हा गहाण पडली होती, पैसे दिले आणि आलो.

पहिला आवाज आला गणपतीला गावी जाताना. मागे आई-बाबा आणि लहान भाऊ, डिकीत सामान, पनवेल सोडलं आणि प्रत्येक उंचवट्यावर मागून खर्र, खर्र. पेणला चहाला थांबलो तर मागच्या डाव्या चाकापाशी जळक्या रबराचा वास. आई म्हणाली, "अरे, खरडतंय काहीतरी." बाबा म्हणाले, "येताना मी एसटीने येतो." आले नाहीत, गाडीतूनच आले, पण परतीचं सामान मुकाट्याने मामाच्या गाडीत टाकलं.

मुंबईत आल्यावर गॅरेज नंबर एक. त्याने मागची दोन्ही चाकं काढली, कमानीच्या आतली कड हातोडीने दुमडली, दीड हजार घेतले. महिनाभराने परत आवाज. गॅरेज नंबर दोन, "अजून थोडं घ्यायला लागेल", परत मागचीच कड, ह्यावेळी बाहेरून पत्र्याला हलकी लाट आली, तिरकं ऊन पडलं की दिसते. तरी आवाज आहेच. तिसऱ्यांदा पुढची दोन्ही मडगार्ड ठोकून घेतली. आणि तरीही सोसायटीच्या गेटमधून वळून आत शिरताना घर्रर्र. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की आपण आवाजाच्या मागे धावतोय, घासतंय नक्की कुठे ते अजून एकदाही डोळ्याने बघितलेलं नाही.

म्हणून पहिलं सांगणं हेच, हातोडी, ग्राइंडर, रोलर काहीही गाडीजवळ यायच्या आधी घासल्याची खूण शोधा. केबिनमध्ये बसून आवाजाची दिशा ओळखता येत नाही, मागचा आवाज पुढून वाटतो आणि पुढचा मागून. मी काय केलं, कागदी मास्किंग टेप घेतली, चारही कमानींच्या आतल्या कडेवर चिकटवली, आणि टायरच्या खांद्यावर, म्हणजे बाजू आणि नक्षी मिळते त्या गोलाईवर, जाड खडू फासला. मग सोसायटीतले चार जण बसवले, वडापावच्या बोलीवर, डिकीत पाण्याचे दोन वीस लिटरवाले जार. एकट्याने टेस्ट ड्राइव्ह मारून काही कळत नाही, वजन हवंच. आधी मैदानात दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग तोडून पुढे-मागे, मग पवईकडून जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), तिथून आतल्या गल्लीतले पेव्हर ब्लॉक खचलेले भाग, तीन-चार स्पीड ब्रेकर, एकदा तिरके. परत येऊन टॉर्च लावून बघितलं.

मागे उजवीकडे टेप जशीच्या तशी. म्हणजे ती कड दोनदा ठोकून घेतली ती उगाच. मागे डावीकडे टेप वरच्या मधोमध फाटलेली, साधारण घड्याळातल्या अकरा ते एकच्या भागात. आणि पुढे उजवीकडे कमानीवरची टेप शाबूत पण टायरच्या खांद्यावरचा खडू पुसलेला. मग लागतंय कुठे? झोपून बघितलं तर बंपर आणि मडगार्ड जिथे जुळतात तिथे खाली एक प्लास्टिकचा कान असतो, त्यात एक स्क्रू, त्या स्क्रूचं डोकं घासून चांदीसारखं चमकत होतं. एवढंसं डोकं. त्याच्यासाठी मी अख्खं मडगार्ड ठोकून घेतलं होतं.

आता खुणांवरून काय समजायचं. फक्त स्टिअरिंग पूर्ण तोडल्यावर आवाज, तोही हळू चालवताना, तर बहुतेक पुढचं लाइनर, म्हणजे कमानीच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर, किंवा तो बंपरचा कान, पत्र्याला हात लावायचं कारण नाही. मागे माणसं बसल्यावर किंवा स्पीड ब्रेकर उतरताना एकच खर्र, तर मागची कड. टायरची आतली बाजू, म्हणजे इंजिनाकडची, गोल पट्ट्यात चकाकते आहे तर टायर आत शॉकअपच्या नळीला किंवा स्प्रिंगच्या ताटलीला लागतोय, आणि हे सगळ्यात वाईट, कारण ते वरून दिसत नाही, आवाजही बारीक, आणि बाजूची भिंत झिजून टायर हायवेवर फुटू शकतो. असं दिसलं तर गाडी तिथेच उभी करा. स्टिअरिंग तोडलेलं असताना ब्रेकचा होज (रबरी नळी) आणि एबीएस सेन्सरची, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, वायर पण बघून घ्या, एका ओळखीच्याची वायर टायरने कापली होती आणि तो दोन महिने डॅशबोर्डवरच्या लाइटसाठी स्कॅनर लावून फिरत होता.

डावी-उजवीचा फरक बघून मला आधी वाटलं गाडी ठोकलेली आहे की काय. तसं काही नव्हतं. मागचा टॉर्शन बीम, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, बॉडीला बोल्ट होतो तेव्हा काही मिलिमीटर इकडे-तिकडे बसतो, बॉडीच्या पत्र्यातही थोडा फरक असतो, कंपनीच्या बारीक टायरवर कधी कळत नाही, रुंद टायरवर लगेच कळतं. कमानीवरून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा आणि दोऱ्यापासून रिमपर्यंत पट्टीने मोजा, दोन्ही बाजू. माझ्याकडे डावीकडे ६ मिमी जागा कमी निघाली.

थोडं गणित, कंटाळा आला तरी वाचा. सगळे टायरच्या आकड्याकडे बघतात, पण बाहेर येण्याचं मुख्य काम रिमची रुंदी आणि ऑफसेट करतात. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला (चाक ज्यावर बोल्ट होतं तो मधला भाग) टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे ते, रिमच्या आत ईटी म्हणून कोरलेलं असतं. आकडा जितका लहान तितकं चाक बाहेर. समजा जुनी रिम ६जे ईटी ४५ आणि नवी ७जे ईटी ३५. रुंदी एक इंच वाढली, म्हणजे दोन्हीकडे १२.७ मिमी. ऑफसेट १० ने कमी झाला, तो सगळा बाहेर. म्हणजे बाहेरची कड २२.७ मिमी बाहेर आली आणि आतली फक्त २.७ मिमी आत गेली. पावणेतेवीस मिमी! आणि दुकानात आपली चर्चा चाललेली असते २०५ घेऊ की १९५ घेऊ, ज्याचा फरक एका बाजूला जेमतेम ५ मिमी. तीच ७जे रिम ईटी ४५ ची घेतली असती तर दोन्हीकडे १२.७ वाढलं असतं, मग आत शॉकअपशी किती जागा उरते ते मोजायचं. सगळं एका बाजूला ढकलण्यापेक्षा बरं.

उंचीचंही बघा. १८५/६५ आर १५ चा व्यास येतो ६२१.५ मिमी. २०५/५५ आर १६ चा ६३१.९. म्हणजे टायर वरच्या बाजूला ५ मिमी कमानीजवळ गेला. १९५/५५ आर १६ चा ६२०.९, जवळपास कंपनीइतकाच, त्यामुळे स्पीडोमीटरही बिघडत नाही. हे हिशोब कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होतात, रुंदीचे टक्के काढायचे, दुप्पट करायचे, रिमचे इंच गुणिले २५.४ त्यात मिळवायचे. आणि हो, सारख्याच आकड्याचे दोन कंपन्यांचे टायर खांद्याला सारखे नसतात, एकाचा गोल एकाचा चौकोनी, मित्राचा न घासलेला सेट आपल्याकडे घासू शकतो.

मुंबईत अजून एक कारण सर्रास असतं ते म्हणजे बाहेरून बसवलेला सीएनजी. डिकीत ५५-६० लिटरची लोखंडी टाकी, ब्रॅकेट धरून पन्नास-साठ किलोच्या आसपास वजन कायमचं मागच्या स्प्रिंगवर, म्हणजे एक माणूस रात्रंदिवस मागे बसलेलाच. त्यात गाडी पाच-सात वर्षांची असेल तर स्प्रिंग बसलेल्या असतात. माझ्या शेजारच्या काकांच्या गाडीला कंपनीचेच टायर घासत होते, त्यांना लोक कड ठोकायला सांगत होते. मागच्या स्प्रिंगा आणि शॉकअप बदलले, विषय संपला. त्यामुळे कमानीच्या मध्यापासून जमिनीपर्यंत उंची मोजा, पुढे-मागे, डावी-उजवी, गाडी सपाट जागेवर आणि हवा बरोबर असताना. मागचं खूप खाली असेल तर पत्र्याचा काही दोष नाही.

पुढचा उपाय सोपा निघाला. तो स्क्रू काढला, प्लास्टिकचा कान एक सेंटिमीटर ब्लेडने कापला, उरलेला हीट गनने गरम करून मागे वाकवला आणि चपट्या डोक्याचा आखूड स्क्रू टाकला. लाइनर जिथे फुगून पुढे आलं होतं तिथे गरम करून ओल्या फडक्याने आत दाबलं आणि गार होईपर्यंत तसंच धरून ठेवलं, लगेच सोडलं तर ते परत जागेवर येतं. तुटलेल्या दोन क्लिपा नव्या. एवढंच. लाइनर काढून फेकायला काही जण सांगतात, ते करू नका, पावसाळ्यात सगळं पाणी-चिखल मडगार्डच्या आत आणि वायरिंगवर.

आता मागची कड, इथे जरा सावकाश.

पुढचं मडगार्ड म्हणजे बोल्टवर बसलेला एकेरी पत्रा, बिघडलं तर बदलता येतं. मागची कमान तशी नाही. ती बॉडीचाच भाग. बाहेरचा क्वार्टर पॅनेल, म्हणजे मागच्या दारामागचा बाजूचा पत्रा, आणि आतला चाकाचा घुमट हे दोन पत्रे कडेला एकत्र येतात, तिथे स्पॉट वेल्डिंगचे टिपके आणि मध्ये फट बुजवणारा सीलर. हातोडीने ठोकलं की तो सीलर तडकतो. वरून काहीच दिसत नाही. माझ्याकडे तेच झालं, पुढच्या पावसाळ्यानंतर डाव्या कमानीच्या आत बोट फिरवलं तर बोटाला तांबूस पूड, रंग पापडासारखा सुटलेला. चाक फिरताना चिखल तिथेच मारतं, दुमडलेल्या कडेत त्याचा खिसा होतो, त्यात आपली समुद्राची दमट हवा, गंज लागायला अजून काय हवं.

म्हणून कड दुमडायचीच असेल तर हातोडीने नाही, रोलरने. हबला बोल्ट होणारं एक हत्यार मिळतं, लांब दांडा आणि टोकाला नायलॉनचं चाक. कुर्ल्याला ज्या डेंटरकडे शेवटी गेलो त्याच्याकडे ते होतं, वय साठीच्या पुढे, बोलणं कमी. आधी त्याने रुमालात गुंडाळलेलं चुंबक क्वार्टर पॅनेलवर फिरवलं. म्हटलं हे कशाला, तर म्हणाला, "आत पुट्टी असली तर चुंबक धरत नाही, आणि पुट्टी असली तर कड वळताना तडकणारच, मग तुम्ही माझ्या नावाने बोंबलाल." ही टेस्ट लक्षात ठेवा, सेकंडहँड गाडी घेतानाही कामाला येते.

मग कडेची आतली बाजू तारेच्या ब्रशने साफ. चिखल राहिला तर रोलर त्याच्यावरून उसळतो आणि बाहेर लाट येते. मग हीट गन, एका जागी न धरता सारखी फिरवत, रंग हाताला चटका बसेल इतका गरम, साठ-सत्तर डिग्री, त्याने इन्फ्रारेड थर्मामीटर मारून बघितलं. थंड रंग वळवला की काचेसारखा तडकतो, जास्त तापवला की फोड येतात. रोलर कडेला टेकवून हळूहळू मागे-पुढे, आधी थोडा कोन, परत तापवायचं, परत थोडा. एका दमात नव्वद डिग्री करायला गेलं की बाहेरचा पत्रा ओढला जातो. दर दोन-चार फेऱ्यांनी तो उठून बाहेरून तळहात फिरवायचा, डोळ्याने नाही, हाताने. अख्ख्या कमानीची कड नाही वळवली, फक्त जिथे टेप फाटली होती तेवढा भाग आणि दोन्ही बाजूंना थोडी उतरण. पाऊण तास लागला. एक सावधगिरी, स्विफ्टची पेट्रोल भरायची नळी डावीकडच्याच कमानीच्या आतून जाते, तिथे हीट गन, ग्राइंडरची ठिणगी म्हणजे खेळ नाही. झाकण घट्ट, वाफेचा वास येत असेल तर काम बंद, आगीचं सिलिंडर हाताशी. वेल्डिंग करायची वेळ आली तर बॅटरी आधी सोडवा.

वळवल्यावरचं काम लोक सोडून देतात आणि तिथेच सगळं फसतं. सुटलेला रंग आणि गंज पार चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडला, एक दिवस सुकू दिलं, झिंकचा प्रायमर, त्यावर नवा सीम सीलर बोटाने दाबून भरला, मग रंग, शेवटी अंडरकोट. अंडरकोट थेट गंजावर मारून देणारे खूप आहेत, काळं झालं की आपल्याला वाटतं काम छान झालं, आत गंज आरामात खात बसतो. मे महिन्यात करा, जुलैत करू नका, सुकतच नाही.

कड कापून टाकायचा सल्ला मिळेल. वेल्डचे टिपके त्या कडेवरच असतात, कड गेली की दोन पत्रे एकमेकांना धरून राहायला काही उरत नाही, मग सगळीकडे परत वेल्डिंग करून सील करायला लागतं. शोची गाडी असेल तर करा, रोज ठाणे-बीकेसी करणाऱ्या गाडीला कशाला? कमानीवर बाहेरून लावायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, म्हणजे फ्लेअर, हा तर उपायच नाही, घासणारी कड तशीच राहते आणि स्क्रूच्या भोकांतून नवा गंज सुरू.

स्पेसर, म्हणजे चाक बाहेर ढकलायला हब आणि रिमच्या मध्ये टाकायची चकती, फक्त आत घासत असेल तरच. बाहेर घासत असताना स्पेसर लावून आलेला माणूस मी पाहिलाय, हसलो नाही, माझंही तसंच चाललं होतं. लावलाच तर स्टडवर नट किती फेऱ्या बसतो ते मोजा, आपल्या १२ मिमी, १.२५ पिचच्या (आट्यांमधलं अंतर, मिमीत) स्टडवर नऊ-दहा फेऱ्या तरी हव्यात. आणि बाहेरच्या अ‍ॅलॉयचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असतं, स्विफ्टचं हब ५४.१ मिमीचं, तेव्हा मधे सेंटरिंग रिंग टाका, नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि आपण बॅलन्सिंगवाल्याशी भांडत बसतो.

कायद्याचं पण सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, कंपनीने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तेव्हा वरच्या व्हेरियंटला कंपनी जी साइज देते तिच्या आसपास राहिलेलं बरं, चाक कमानीच्या बाहेर डोकावत असेल तर नाक्यावरचा हवालदार लांबूनच शिट्टी मारतो. इन्शुरन्सला लेखी कळवा, क्लेमच्या वेळी सर्व्हेअर पहिली नजर चाकांवरच टाकतो.

शेवटी माझा सेटअप असा झाला, रिम त्याच ठेवल्या, टायर १९५/५५ आर १६ घेतले, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) कंपनीच्यापेक्षा कमी होणार नाही हे बघून, मागची डावी कड रोलरने, पुढे स्क्रू आणि लाइनर. जुने २०५ एकाने अर्ध्या किमतीत नेले, त्याला सांगितलं की बाबा आधी मोज, तो म्हणाला बसतंय. गेल्या गणपतीला परत पाच जण आणि सामान घेऊन गेलो, पेणला उतरून चारही चाकांपाशी नाक लावून आलो, वास नाही. बाबा गाडीतच झोपले होते.

रिव्हर्समध्ये उजवीकडे पूर्ण स्टिअरिंग तोडलं की पुढून अजून एक बारीक सुर्र येतं. झोपून बघितलं, टायरने लाइनरवर स्वतःपुरती बोटभर गुळगुळीत चर पाडून घेतली आहे. ती तशीच ठेवलीय.